दोन मिनिटांचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. बोलतोय कसला, ओरडतोय. हळू बोलायची सोय माझ्या अंगात नाहीच, तेव्हा कानांवर हात ठेवायचे असतील तर आत्ताच ठेवा. मागाहून तक्रार चालणार नाही. तक्रारी ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. हल्ली भोंगा म्हटलं की लोकांना भलतंच काही आठवतं आणि लगेच बाह्या सरसावतात. तो भोंगा वेगळा. तो लाउडस्पीकर. त्याच्यात दुसऱ्याचं बोलणं घालतात आणि तो ते बाहेर टाकतो. मी कंपनीचा भोंगा. बटण दाबलं की माझ्या पोटातली मोटर फिरते, मोटरवरची चकती हवा कापते आणि मी एका दमात 'हूंऽऽऽ' करतो. एवढाच माझा धंदा. कृपा करून माझ्यात राजकारण आणू नका.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला बनवणारा कारागीर मोठा हौशी होता. त्याने मला तांबडा रंग दिला, डोक्यावर टोपी बसवली आणि पहिल्यांदा चालू करून बघितलं. शेजारच्या चहावाल्याच्या हातातली किटली खाली पडली. कारागीर खुशीत म्हणाला, "जमलं!" आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. पुढे सगळ्या शिव्याच.

चिखलीच्या अलीकडे एक फोर्जिंगची कंपनी आहे, तिच्या कँटीनच्या छतावर मला आणून बसवलं. फोर्जिंग म्हणजे लोखंड भट्टीत लालभडक तापवायचं आणि हातोड्याखाली ठोकून त्याला आकार द्यायचा. हातोडा म्हणजे तुमच्या घरात खिळे ठोकतात तो नाही हो, दुमजली घराएवढं मशीन. त्याचा एक घाव पडला की माझे नटबोल्ट थरथरतात. पण आमचं दोघांचं बरं जमायचं. तो दिवसभर ओरडायचा, मी शिफ्टपुरता.

तेव्हा आजूबाजूला शेतं होती, मध्येच एखादी वीटभट्टी. लोक माझ्यावर घड्याळं लावायचे. पहिल्या भोंग्याला बायका डबे भरायच्या, दुसऱ्याला माणसं सायकलवर टांग टाकायची आणि तिसरा झाला की गेट बंद. मग वॉचमनच्या कितीही हातापाया पडा. एकदा सकाळी वीज गेली आणि मी वाजलोच नाही. अर्धी चिखली उशिरा उठली आणि दिवसभर मलाच बोल लावत बसली. म्हणजे वाजलो तरी शिव्या, नाही वाजलो तरी शिव्या.

पुढे हजेरीला अंगठ्याचं मशीन आलं. मग चेहरा बघून हजेरी घेणारं आलं. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि त्यात त्याचा त्याचा छोटा भोंगा. शेतं गेली, टॉवर उभे राहिले. टॉवरवाल्यांनी तक्रार केली की पहाटे झोपमोड होते. अहो, कंपनी आधी आली, टॉवर नंतर आले! पण ऐकतो कोण? शिफ्टचे भोंगे बंद झाले. माझ्या टोपीत पारव्यांनी घरटं केलं.

मला दोनच कामं उरली. एक मॉक ड्रिल. आग लागली असं समजायचं, मी वाजायचं, सगळ्यांनी मशीन बंद करून बाहेरच्या मैदानात जमायचं आणि सुपरवायझरने डोकी मोजायची. दुसरं काम वर्षातून एकदा. दोन मिनिटांचं. आणि माझ्या डोक्याला ताप झालाय तो या दुसऱ्या कामाचा.

ते काम समजायला कोंडीराम माहीत पाहिजे. कोंडीराम करमाळ्याकडून आला आणि या कंपनीच्या हातोड्यावर उभा राहिला तो रिटायर होईपर्यंत. कानात घालायला बोळे मिळायचे, पण हा पठ्ठ्या घालायचा नाही. "बोळा घातल्यावर घाव बरोबर बसला का न्हाई ते कसं कळायचं?" म्हणायचा. शेवटी काय व्हायचं ते झालं. कान गेले. आता बायको तानुबाई तोंडासमोर येऊन बोलली तर त्याला कळतं, बाकी दुनिया मुकी.

त्यांचा मुलगा धम्मपाल. लहानपणी बापाचा विसरलेला डबा घेऊन गेटवर यायचा आणि वॉचमन डबा आत नेईपर्यंत माझी नक्कल करत उभा राहायचा. फार हुबेहूब करायचा मेला. बघा, मेला म्हणालो. असं म्हणू नये आता. जिभेला वळण नाही माझ्या.

मोठा झाल्यावर तो पहाटे स्पाइन रोडला पळायला जायला लागला. भरतीत निवडला गेला, पलटणीत रुजू झाला आणि एका जानेवारीत सरहद्दीवरच्या चौकीवर गोळीबारात गेला. बातमी घेऊन युनियनचा जयसिंग हातोड्याच्या शेडमध्ये आला, तेव्हा कोंडीरामला ती ओरडून सांगावी लागली. मुलगा गेल्याची बातमी, आणि ती अशी ओरडून. मी छतावरून ऐकली. ओरडणं हा माझा धंदा असून मला ते ऐकवलं नाही.

अंत्ययात्रेला माणूस मावत नव्हता. ट्रक, फुलं, घोषणा. रातोरात फ्लेक्स लागले, त्यावर धम्मपालचा फोटो एवढासा आणि श्रद्धांजली वाहणारे ही मोठमोठी तोंडं. चौकाला त्याचं नाव दिलं. आज तो चौक माझ्या छतावरून दिसतो, पण नाव दिसत नाही. त्या पाटीवर कायम कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. एकाचा उतरला की दुसऱ्याचा जन्म होतो.

जयसिंगने मात्र एक गोष्ट पक्की करून घेतली. दरवर्षी त्या दिवशी सकाळी अकरा वाजता कंपनीत भोंगा होईल. जो जिथे असेल तिथे दोन मिनिटं स्तब्ध उभा राहील. मग परत भोंगा आणि कामाला सुरुवात.

पहिल्या वर्षी काय झालं सांगू? मी वाजलो आणि सगळी कंपनी थांबली. लेथवाला लेथवर थांबला, कँटीनवाला हातात झारा घेऊन थांबला. हातोडासुद्धा थांबला. कोंडीराम आणि तानुबाई गेटजवळ उभे होते. दोन मिनिटांनी मी परत वाजलो तेव्हा माझाच आवाज मला जड वाटला. अशी पाच-सहा वर्षं बरी गेली.

मग माणसं बदलली. जुने परमनंट रिटायर झाले, काहींनी आधीच निवृत्ती घेतली, निम्मी कंपनी चाकणला गेली. उरलेल्या शेडमध्ये कंत्राटी पोरं आली. लातूरची, बीडची, बिहारची. चांगली पोरं आहेत, कष्टाळू आहेत. पण आज आहेत आणि सहा-सात महिन्यांनी नाहीत. कंत्राट संपलं की दुसरी कंपनी. आणि रुजू होताना पहिल्याच दिवशी त्यांच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून ठोकून बसवतात. भोंगा झाला, मशीन बंद, मैदानात चला.

आता कळलं ना पुढे काय झालं असेल?

जानेवारीत अकरा वाजता मी धम्मपालसाठी गळा काढला आणि सगळी पोरं भराभरा चालत मैदानात! रांगा लावून उभी. हिरवी जाकिटं घातलेले सुपरवायझर डोकी मोजतायत, पोरं एकमेकांना ढुशा देतायत, कुणी मोबाइल वर धरून फोटो काढतोय. मोजणी पुरी भरली तशी टाळ्या वाजल्या. हसत हसत परत आत. अरे, काय चाललंय काय! मी छतावर नुसता जळफळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली की हे मॉक ड्रिल नव्हतं, श्रद्धांजली होती. पुढच्या जानेवारीपर्यंत नोटीस वाचलेलं एकही पोरगं उरलं नव्हतं. परत तेच. परत नोटीस. शेवटी सेफ्टीवाले कंटाळले आणि म्हणाले, जाऊ द्या, ड्रिल म्हणून धरून टाकू. झालं! एका माणसाच्या मरणाची दोन मिनिटं ड्रिलमध्ये जमा.

आणि गेटजवळ कोंडीराम. बहिरा माणूस. त्याला माझा आवाज तेवढा अंगावर आल्यासारखा कळायचा, बाकी काही नाही. समोर सगळी कंपनी बाहेर येऊन रांगेत उभी राहिलेली बघून तो हात जोडायचा. डोळे पुसायचा. निघताना वॉचमनला सांगायचा, आणि बहिऱ्याचं सांगणं म्हणजे माझ्या छतापर्यंत ऐकू यायचं, "बघा राव! आमच्या धम्मपालसाठी समदी कंपनी पळत बाहेर येती!" शेजारी तानुबाई जमिनीकडे बघत उभी असायची. वॉचमन बिचारा "होय काका" म्हणून मान हलवायचा.

मला सांगा, यात कुणावर चिडायचं? पोरांवर? ती शिकवलं तेच करतायत. मी सगळ्यांवरच चिडलो.

गेल्या डिसेंबरात मीटिंग बसली. माझ्याच खाली, कँटीनमध्ये. वरची झडप उघडी असते, त्यामुळे मला खालचं दिसतं आणि शब्दन् शब्द ऐकू येतो. विषय एकच. हा भोंगा चालू ठेवायचा की बंद करायचा.

मीटिंग बोलावली होती स्वप्नाली मॅडमनी. त्या एचआरच्या. रहाटणीहून रोज स्कूटरवर येतात, नवीन आहेत, वाईट अजिबात नाहीत. कोंडीराम आणि तानुबाईला त्यांनी स्वतः खुर्च्या दिल्या, चहा दिला. मग म्हणाल्या, "काका, मावशी, गैरसमज करून घेऊ नका. पण हे कशासाठी आहे तेच लोकांना कळत नाही. त्यापेक्षा त्या दिवशी आपण सगळ्यांना मेल पाठवू. धम्मपाल सरांचा फोटो, खाली मेणबत्ती. जास्त सन्मानाचं होईल."

मेल! भट्टीपुढे घाम पुसणाऱ्या कंत्राटी पोराला मेल! त्याला कंपनीने अजून धड लॉकर दिलेलं नाही, मेल कुठून येणार?

मग उद्धवराव बोलले. हे समोरच्या टॉवरमध्ये राहतात, बँकेतून रिटायर झालेत, सोसायटीच्या वतीने आले होते. त्यांनी मोबाइलवर माझा आवाज मोजून ठेवला होता आणि तो आकडा सगळ्यांना दाखवत होते. "माझा सैनिकांना विरोध नाही. राष्ट्रगीताला मी घरातसुद्धा उभा राहतो. पण स्मरण मनात असावं. हा आरडाओरडा कशाला? माझा नातू दचकून उठतो आणि तासभर रडतो."

स्मरण मनात असावं म्हणे. अहो, मनात काय असतं ते मी छतावरून रोज बघतो. मनात चाकणच्या चौकातली ट्रॅफिक असते, गॅसचं सिलेंडर असतं, ओटीपी असतो. तिथे धम्मपालला उभं राहायला जागा कुठे आहे? नातवाचं मात्र मला वाईट वाटलं. लेकरू ते, दचकणारच.

जयसिंग ताडकन उठला. आता केस पांढरे झालेत, पण आवाज तोच. "बंद? बंद करून तर बघा! उलट मोठा करायचा, भाऊ. स्टेज टाकू, आमदारांना आणू, वीरमाता-वीरपित्याचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं व्यवस्थित!"

झालं कल्याण. मागे चौकात असा एक कार्यक्रम झाला होता, मी वरून बघितलाय. पाहुणे येईपर्यंत तानुबाई उन्हात खुर्चीवर बसून होती. पाहुणे आले ते जायच्या घाईत. माइक हातात घेऊन म्हणाले, "शहीद गणराज यांच्या स्मृतीला मी वंदन करतो." गणराज कोण, तर मंडपवाला! तो पलीकडे बांबू धरून उभा होता, बिचारा घाबरून खालीच बसला. त्या दिवशी तानुबाईला मिळालेली शाल तिने पुढे कुणालातरी देऊन टाकली.

सगळे एकदम बोलायला लागले. स्वप्नाली मॅडम प्रॉडक्शनचं सांगतायत, उद्धवराव आकडा दाखवतायत, जयसिंग टेबलावर मूठ आपटतोय. धम्मपालचा बाप कोपऱ्यात बशीतून चहा पितोय, त्याला कोणी विचारत नाही. आणि आईकडे सगळे अशा नजरेने बघतायत की ती आता पदर पसरून म्हणणार, भोंगा चालू ठेवा.

तानुबाई म्हणाली, "बंद करा."

जयसिंग गर्रकन तिच्याकडे वळला.

"वहिनी, काय बोलताय?" जयसिंग म्हणाला.

"खरं तेच बोलते, भाऊजी. बंद करा तो भोंगा. ह्यांना वाटतं पोरं धम्मपालसाठी पळत येत्यात. घरी गेल्यावर चार दिवस तेच. गल्लीत सांगत्यात, विहारात सांगत्यात. आन् मी मान खाली घालून बसते. ह्यांना ऐकू येत न्हाई, मला येतं ना! पोरं म्हणत्यात, 'चला, धा मिनटं सुटलो.' गेल्या साली एकानं मला इचारलं, 'मावशी, तुमी कंच्या कंत्राटदाराकडं?' आता ह्याला मी रडू का हसू? माझ्या पोराच्या नावानं भोंगा वाजतो आन् एकालाबी त्याचं नाव ठावं न्हाई. असलं कशाला पायजे?"

माझा भोंगा बंद करा असं तिने म्हणावं याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिचं चुकलं कुठे?

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. मोठा, बहिऱ्या माणसाचा. "बंद करा म्हणली ना ही?"

कोंडीरामने बशी खाली ठेवली. "कान गेलं माझं. डोळं न्हाई गेलं. हिचं ओठ मला वाचता येत्यात. पार तिकडनं बी."

तानुबाईचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं, एवढ्या लांबून त्याला कळणार नाही.

"अगं, मी ह्या कंपनीत जलम काढला," कोंडीराम म्हणाला. "मॉक ड्रिल मला कळत न्हाई व्हय? ती हिरवी जाकिटं, ती मोजणी, ते फोटू काढणं. पहिल्याच साली वळखलं मी."

तानुबाई त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "मग गावभर सांगत का फिरता, पोरासाठी पळत येत्यात म्हणून?"

"तुझ्यासाठी. तू खाली मान घालून उभी ऱ्हायलीस. तुला वाटलं, ह्याला खरं वाटतंय. म्हणलं वाटू दे. तेवढंच तुला बरं."

"मला बरं? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं!"

आता बोला! एवढी वर्षं एकमेकांना जपत बसले दोघं, आणि दोघांनाही त्रासच. माणसं एका घरात राहून एवढंही बोलत नाहीत. मला दिवसातून तीनदा वाजवायचे तेव्हा निदान निरोप तरी पोचायचा.

स्वप्नाली मॅडमनी लॅपटॉप मिटला. तानुबाईला म्हणाल्या, "मावशी, काकांना विचारा ना, सगळं माहीत होतं तर मग ते येतात कशाला?"

तानुबाईने विचारलं.

"बघाया येतो," तो म्हणाला. "भोंगा झाला की आतली समदी पोरं भाईर येत्यात. कुणी भाजलेलं न्हाई, कुणाचा हात गेलेला न्हाई. मोजत्यात, पुरी भरत्यात. मग हसत आत जात्यात. एवढं बघितलं की मला बरं वाटतं. तुमी भाषणात म्हणता, पोरगं देशासाठी गेलं. आता देश मला कुठं दिसतोय? मला ही पोरं दिसत्यात. त्यांना त्याचं नाव ठावं नसलं तरी चालतंय मला."

"मला न्हाई चालत!" तानुबाई त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द तोडून म्हणाली. "नाव मी ठेवलंय त्याचं. पळत येऊ द्या, मोजू द्या, हसू द्या. पण नाव ठावं पायजे. न्हाईतर बंद करा. मधलं काय नको मला."

उद्धवरावांनी मोबाइल कधी खिशात घातला ते मला दिसलं नाही.

शेवटी मॅडमच बोलल्या. "ड्रिल आम्हाला तसंही करावंच लागतं. या जानेवारीत त्याच दिवशी करू. पोरं येतात तशी येऊ देत. मोजणी झाली की मावशी, तुम्ही सांगा त्यांना. त्यापुढचं पुढे बघू."

"मग एक छोटं स्टेज तरी..." जयसिंगने जाता जाता विचारून बघितलं.

"नको."

"माइक?"

"मला काय गाणं म्हणायचंय, भाऊजी?"

जानेवारीतला तो दिवस उजाडला. थंडी होती. अकरा वाजता बटण दाबलं आणि मी वाजलो. पारवे उडाले. पोरं आली, नेहमीसारखीच. जाकिटं, रांगा, ढुशा, मोबाइल. मी मनात म्हटलं, चला, आणखी एक तमाशा. समोरच्या बाल्कनीत उद्धवराव नातवाला कडेवर घेऊन उभे होते, त्याच्या कानावर स्वतःचा पंजा ठेवून. नातू रडत नव्हता, उडालेले पारवे बघत होता.

कोंडीराम गेटजवळ. तानुबाई पुढे, मैदानाच्या कडेला. विहारातून वंदना करून दोघं तसेच आले होते, ती पांढऱ्या साडीत. हिरव्या जाकिटातला सुपरवायझर सुजित रांगांमधून बोट नाचवत मोजत गेला आणि टोकाला येऊन ओरडला, "मॅडम, फुल! सगळे आहेत!" टाळ्या सुरू झाल्या.

तानुबाई म्हणाली, "न्हाई. एक कमी हाय."

सुजितचा चेहरा खाडकन उतरला. ड्रिलमध्ये माणूस कमी भरणं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. "कोण राहिलं? कुठल्या शेडमध्ये?" म्हणत तो हातोड्याच्या शेडकडे पळायलाच निघाला. पोरं माना वळवून एकमेकांकडे बघायला लागली. आपल्या शेजारचा आहे ना, बघायला लागली. टाळ्या थांबल्या.

"तिकडं न्हाई, बाबा. ये हिकडं," तानुबाई म्हणाली. तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण हातोडा बंद होता, सगळं बंद होतं. "धम्मपाल. माझा पोरगा. फौजेत होता, आजच्या दिवशी गेला. तुमच्याएवढाच. जेवताना ताटातल्या मिरच्या येचून बापाच्या ताटात टाकायचा. हा भोंगा त्याच्यासाठी असतो. तुमी आला, बरं केलं. फकस्त मोजताना त्याला बी मोजत जावा."

एवढंच बोलली. पदराने तोंडही पुसलं नाही.

ज्या पोराने फोटोला मोबाइल वर धरला होता त्याचा हात हळूच खाली आला. बिहारकडच्या एकाने शेजाऱ्याला विचारलं, शेजाऱ्याने कानात सांगितलं आणि त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मग बाकीच्यांनी काढलं. सुजित बोट तसंच वर धरून उभा होता.

कोंडीरामला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तो नुसता चेहरे बघत होता. आणि त्या शांततेत तो बोलला, त्याला वाटलं हळू बोललो, पण अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. "ऐकत्यात का गं?"

तानुबाईने मान हलवली.

दोन मिनिटं कधीच होऊन गेली असणार. पण दुसरा भोंगा द्यायचं बटण ज्याच्याकडे, तोही मैदानातच उभा होता. मीही कशाला घाई करू?

तर असं झालं. आता तुम्हाला वाटत असेल, चला, गोड झालं, संपलं. डोंबल संपलं! त्या दिवशी मैदानात उभी असलेली निम्मी पोरं पावसाळ्याच्या आत दुसऱ्या कंपनीत जातील. स्वप्नाली मॅडमची बदली चाकणला होणार अशी कँटीनमध्ये कुजबुज आहे. तानुबाईचे गुडघे दुखतात, गेटपर्यंत यायला रिक्षा लागते. माझ्या चकतीला गंज चढलाय, मधूनच आवाज फाटतो. पुढच्या डिसेंबरात तुम्ही पुन्हा मीटिंग घ्याल. चालू ठेवायचं की बंद करायचं यावर चहा प्याल, मूठ आपटाल, आकडे दाखवाल. घ्या. खुशाल घ्या.

पण मी काय म्हणतो ते नीट ऐका, कारण परत परत सांगायचा मला कंटाळा आलाय. मला वाजवलं तर मी वाजेन, फाटक्या आवाजात का होईना. माणसं जमवून देईन, मैदान भरून देईन. माझ्याकडून तेवढंच होतं. मला नाव सांगता येत नाही हो. आयुष्यभर ओरडलो, पण धम्मपाल एवढे चार शब्दसुद्धा... चार शब्द कुठले, एक शब्द, तो माझ्या घशातून निघत नाही. माझं सगळं 'हूंऽऽऽ'.

तुम्हाला तोंड आहे. तेव्हा मी ओरडायच्या आत ते नाव तुम्ही त्या नव्या पोरांना सांगा.